बर्फाच्या पेटीतला दिवा

माझ्या आत्याने बटण दाबलं होतं. या गोष्टीतलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण एवढं राहू द्या.

आत्या रुग्णवाहिका चालवते. गाडीतळावर तिच्याखेरीज सगळे ड्रायव्हर पुरुष, आणि त्यातल्या निम्म्यांना गाडी मागे घेताना कुणीतरी मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणारं लागतं. आत्याला लागत नाही. ती आरशात एकदा बघते आणि आई उशी जशी अभ्र्यात सरकवते तशी दोन खांबांच्या मधे गाडी सरकवते. ती आमच्याच घरात राहते, माझ्याच खोलीत झोपते, आणि मला 'टकळे' म्हणते. मागच्या वर्षीपर्यंत तिला हे नाव सुचलंच नसतं, कारण तोवर मी शेवटच्या बाकावर बसून स्वतःच्या वेणीशी बोलणारी मुलगी होते. मग शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, बाईंनी समोर दिसली म्हणून मला माइकसमोर ढकललं, आणि माझ्या तोंडातून वाक्यामागून वाक्य असं काही निघालं की माझी मीच थक्क झाले. तेव्हापासून मी थांबलेली नाही. बाबा म्हणतात, हिचं बटण कुठे आहे ते एकदा सापडलं पाहिजे.

बटणाचे विनोद आमच्या घरात नंतर बंद झाले.

झालं असं. भर दुपारी आत्या छातीत दुखणाऱ्या एका आजोबांना घेऊन निघाली होती. मागे त्यांच्याजवळ नर्सताई. वाटेत रेल्वेचं फाटक बंद, आणि मालगाडी अशी निवांत चालली होती जशी काही तिची सुट्टीच आहे. टपावरचा लाल दिवा चालू, सायरन चालू, वर ऊन रणरणतं. शेवटी फाटक उघडलं. आत्या निघाली आणि पुढच्याच चौकात बाजूच्या रस्त्याने पावाची गाडी आली ती थेट मागच्या दारावर. आजोबांना दुसऱ्या गाडीने नेलं, ते वाचले. नर्सताईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पाववाला रस्त्यावर डोकं धरून बसला आणि एकच सांगत राहिला, सायरन ऐकला, पण कुठून येतोय ते कळेना, आणि दिवा काही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी झाली. चेपलेल्या गाडीवरून दिवा काढून रात्रभर सामानाच्या खोलीत फरशीवर ठेवला होता. तो टेबलावर आणून लावला, तर साहेबांनी डोळ्यांवर हात धरला इतका लख्ख. गाडीतळाचे हे साहेब तसे वाईट नाहीत, फक्त ज्याचं बोलणं शेवटी ऐकतील त्याचंच त्यांना पटतं. आणि शेवटी बोलला दिवेवाला.

या माणसाचा दिव्यांचा कारखाना आहे. गाडीतळावरचे सगळे दिवे त्याचेच. गुळगुळीत दाढी, बाह्यांना सोनेरी गुंड्या, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. तो म्हणाला, "माझा दिवा पलीकडच्या टेकडीवरून दिसतो. सायरनचं बटण आणि दिव्याचं बटण शेजारी शेजारी असतात. घाईत एक दाबलं, एक राहिलं. बाईमाणूस आहे, गडबडली. होतं असं."

होतं असं. साहेबांनी आत्याच्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि पाण्याचा पाइप दिला. त्या दिवसापासून आत्या गाड्या धुवायला लागली. मिशीकाका, म्हणजे गाडीतळावरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, येता-जाता म्हणायचे, "ताई, काच पुसलीत, पण वायपरचं बटण दाबलंत का?" त्यांना वाटायचं आपण वातावरण हलकं करतोय.

बाबा म्हणाले, जाऊ दे, नोकरी तर राहिली. आईने नुसती भांडी आपटली. आणि आत्याने एक नवीनच चालू केलं. घरात कुठलंही बटण दाबलं की ती वर बघायची, दिवा लागला का. बाथरूमचं दाबलं, वर बघितलं. स्वयंपाकघरातलं दाबलं, वर बघितलं. खोलीचं दाबायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बघायची. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने मला विचारलं, "टकळे, दाबलं असेन ना गं मी?"

ज्या बाईला मागे बघायला माणूस लागत नाही, ती मला विचारत होती. तिच्या हातातला टॉवेल मी ओढून घेतला, कारण माझं तोंड तिला दिसायला नको होतं. त्या टॉवेलात तोंड घालून मी त्या दिवेवाल्याचं नाव काजवा ठेवलं आणि मनात म्हटलं, याला मी सोडणार नाही. मला अजून माहीत नव्हतं काय करणार ते. पण 'होतं असं' हे शब्द त्याच्याच गळ्यात परत घालायचे, एवढं नक्की होतं.

शाळा सुटली की मी गाडीतळावर जायचे. धुण्याच्या शेडमधे गाडीच्या मागच्या पायरीवर बसून गृहपाठ करायचे आणि आत्या भोवताली पाणी मारत फिरायची. एकदा मजा म्हणून मी शेजारच्या गाडीचा टपावरचा दिवा लावला. लाल उजेड माझ्या वहीवर पडत होता, गणितं अशी लाल लाल लुकलुकत होती की चुकलेलं गणितसुद्धा महत्त्वाचं वाटावं. मी सोडवत बसले. शेवटच्या गणिताला आले तेव्हा पान पांढरं होतं. नुसतं पांढरं. मला वाटलं बॅटरी गेली. वर बघितलं तर दिवा चालू होता, पण विझत आलेल्या कोळशाइतका. आत्याने टपावर चढून हात लावला आणि चटकन काढला.

"तव्यासारखा तापलाय," ती म्हणाली. मग तिने पाइप उचलून दिव्यावर गार पाणी सोडलं. आणि माझ्या वहीचं पान हळूहळू परत लाल झालं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पाइपातलं पाणी माझ्या बुटांत जात होतं.

"फाटक," आत्या म्हणाली. "किती वेळ उभे होतो उन्हात." ती टपावरच बसली, मांडीवर हात ठेवून, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा रडली.

ती साहेबांकडे गेली. मी पण गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पाणी घातल्यावर दिवा वाढतो? झाड आहे का ते?" बाहेर कुणीतरी खिदळलं. साहेबांनी काजव्याला फोन लावला, काजवा फोनवर काहीतरी बोलला, आणि अर्थातच तोच शेवटी बोलला. "बॅटरी उतरली असेल म्हणतायत," साहेबांनी सांगितलं. "ताई, झालं ते झालं. उगाळू नका."

मग आम्ही उगाळलं नाही. मी वाट बघितली. वाट बघणं मला जमत नाही, पण रागात सगळं जमतं.

गाडीतळावर दर वर्षी दिव्यांची तपासणी होते. तपासणीच्या बाई येतात, अंगणाच्या एका टोकाला गाडीच्या टपावर नवीन दिवा बसवतात, दुसऱ्या टोकाला बाई स्टँडवर प्रकाश मोजायचं मीटर लावतात, आणि लांब गाडीतळाच्या फाटकाशी एक ड्रायव्हर उभा राहतो. दिवा दिसला की त्याने हात वर करायचा. दिवा पास झाला की तोच दिवा वर्षभर सगळ्या रुग्णवाहिकांना आणि आगीच्या बंबांना. काजव्याचा दिवा आजवर कधी नापास झाला नव्हता.

मी शाळेच्या अंकासाठी मुलाखत घ्यायची म्हणून साहेबांची परवानगी काढली. खोटं नव्हतं, शाळेतल्या बाईंना खरंच मुलाखत हवी होती, फक्त त्यांना वाटत होतं मी मुख्याध्यापकांची घेणार आहे. माझा बेत साधा होता. काजव्याला बोलायला लावायचं, आणि तो बोलत असताना दिवा चालू ठेवायला लावायचा. त्याला बोलतं करण्याची चिंता नव्हती. जो माणूस सोनेरी गुंड्या लावून गाडीतळावर येतो, त्याला आपल्याविषयी विचारलं की पुरे.

काजवा आला आणि गाडीतून एक निळी पेटी घेऊन उतरला. मासे किंवा आइस्क्रीम नेतात तसली, झाकण गच्च बसणारी. त्याने ती कुणाला धरू दिली नाही.

"यात काय आहे सर?" मी विचारलं.

"दिवा, बाळा. नाजूक वस्तू. धक्का लागायला नको म्हणून."

त्याने झाकण उघडलं आणि दिवा काढला. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर येतं तसं दव त्याच्या लाल काचेवर धरत होतं. पेटीच्या तळाशी कापडाखाली बर्फाच्या पिशव्या होत्या.

तोपर्यंत माझा समज होता की हा माणूस मूर्ख आहे. वाईट दिवा बनवला आणि स्वतःला कळलंच नाही. मूर्खावर किती रागवणार, एका मर्यादेपर्यंतच. पण हा दिवा बर्फात घालून आणत होता. त्याला माहीत होतं. आत्याची किल्ली काढून घेताना माहीत होतं, 'बाईमाणूस आहे' म्हणताना माहीत होतं, नर्सताईचा हात गळ्यात बांधलेला होता तेव्हाही.  मी शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या आत्याकडे बघितलं. तिनेही पेटी बघितली होती. तिने पाइप खाली ठेवला आणि हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट.

मी गोड हसले. इतकं गोड मी आयुष्यात हसले नव्हते.

काजव्याने दिवा टपावर बसवून घेतला. मिशीकाका फाटकाशी जाऊन उभे राहिले. तपासणीच्या बाई स्टँडचे पाय सरळ करत होत्या. त्या काळा कोट घालून आल्या होत्या. पांढऱ्या कपड्यावरून उजेड उडून मीटरमधे जातो म्हणे. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजले होते, बुटांचे बंद सैल केले होते. त्यांच्याजवळ जाऊन मी सहज विचारलं, निव्वळ पहिला प्रश्न म्हणून, "बाई, दिवा लावल्या लावल्या मोजतात, की जरा थांबतात?"

बाईंनी मान वर केली. "थांबायचं असतं. दिवा तापू द्यायचा, उजेड स्थिर झाला की मोजायचा. नियमात तसंच आहे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पण थांबतं कोण? सगळ्यांचा चहा गार होत असतो."

देव मला हे असं ताटात वाढून देईल असं वाटलं नव्हतं.

"मग आज थांबू या ना बाई," मी म्हणाले, आणि आवाज जरा चढवला, शाळेच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवते तितका. "तोवर मी सरांची मुलाखत घेते. तुम्हाला खुर्ची आणून देऊ?"

बाईंनी खुर्ची या शब्दाकडे असं बघितलं की मला पुढे काही बोलावंच लागलं नाही. मी खुर्ची आणली. त्या बसल्या आणि बुटांतून टाचा बाहेर काढल्या.

"लावा दिवा," त्या म्हणाल्या.

काजव्याने बटण दाबलं. अंगण लालेलाल झालं. लांबून मिशीकाकांनी हात वर केला, दोन्ही हात, जरा नाटकीच. "घ्या," काजवा म्हणाला, "मोजून टाका बाई, दिसतंय ना."

"बसू द्या हो," बाई म्हणाल्या. "पोरगी मुलाखत घेतेय."

"मुलाखत काय, नंतर घेऊ. बाळा, आपण आत बसून बोलू. दिवा उगाच कशाला जाळायचा."

हे वाक्य तो म्हणणार हे मला माहीत होतं. याचं उत्तर मी आरशासमोर घोकून आले होते. मी डोळे मोठे करून, अगदी शाळकरी आवाजात विचारलं, "का सर? फार वेळ चालत नाही का हा?"

साहेबांनी मान वळवली. बाईंनी मान वळवली. चहा घेऊन उभे असलेल्या चार-पाच ड्रायव्हरांनीही कान टवकारले.

काजवा हसला. हसण्यावाचून इलाज नव्हता. "चालत नाही म्हणजे? दिवसभर चालेल."

"दिवसभर चालेल," मी वहीत लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं. "छान वाक्य आहे सर. फोटोखाली घालते. तर, तुम्ही लहानपणी कसे होतात?"

आणि मी सुरू झाले. दिव्याची आवड कशी लागली, पहिला दिवा कोणता, घरचे काय म्हणाले, यशाचं रहस्य काय. सुरुवातीला तो एकेका शब्दात उत्तरं देत होता आणि डोळ्यांच्या कडेने टपाकडे बघत होता. पण मी म्हटलं, "सर, आमच्या शाळेतल्या मुलांना तुमच्यासारखं व्हायचं असेल तर?" आणि बिचाऱ्याचा तोल गेला. मुलांना काय करावं यावर तो बोलत सुटला. शिस्त, सचोटी. सचोटी शब्द त्याने उच्चारला तेव्हा मी दोनदा अधोरेखित केला.

ऊन टपावर उभं होतं. अंगणातल्या फरशीवरचा लाल रंग गुलाबी झाला होता. मग त्याला आठवलं.

"एक मिनिट हं," तो उठला. "काचेवर धूळ बसलीय. जरा ओलं फडकं द्या कुणीतरी. चांगलं गच्च ओलं."

फडकं देणं हे आता आत्याचं काम होतं. ती आली. फडकं घडी घातलेलं, स्वच्छ आणि कोरडं ठणठणीत.

"ओलं मागितलं मी."

"वीज चालू आहे, शेठ," आत्या म्हणाली, शेडमधे चालू दिव्यावर पाइप धरणारी माझी आत्या. "ओल्या फडक्याने झटका बसेल. बंद करून पुसायचं का?"

तिचा चेहरा धुतलेल्या काचेसारखा होता, आरपार, काहीही न दिसणारा.  बंद करावा तर का केला हे सांगावं लागणार, ओलं मागावं तर सगळ्यांसमोर झटक्याचं ऐकून मागावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे माझी आत्या फडकं घेऊन उभी. तो कोरड्या फडक्यानेच पुसायला शिडीवर चढला, बोटं दिव्याच्या पत्र्याला लागली आणि त्याने हात असा झटकला की सोनेरी गुंडी उडून टपावरून खाली आली. ती माझ्या बुटापाशी पडली. मी ती उचलून त्याला दिली. आदबीने, दोन्ही हातांनी.

"भाजलं का सर?"

"नाही नाही."

"तापतो का दिवा?"

"दिवा म्हटलं की जरा..." तो थांबला. बाईंनी बूट घातले होते. बंद बांधत होत्या.

"मला वाटतं झालं आता," बाई म्हणाल्या आणि मीटरपाशी गेल्या. वाकून बघितलं. सरळ झाल्या, मीटरची काच कोटाच्या बाहीने पुसली, परत वाकल्या.

"दिवा लावा," त्या म्हणाल्या.



"लावलेलाच आहे," काजवा म्हणाला.

"मग दाखवा."

तो गाडीत जाऊन बसला, उघड्या दाराशी, सगळ्यांना दिसेल असा. बटण दाबलेलं होतं. त्याने ते बंद केलं, परत दाबलं. बंद केलं, परत दाबलं. टपावर उन्हाच्या पोटात काहीतरी लालसर हलल्यासारखं वाटत होतं, तेही ज्याला माहीत आहे त्यालाच. बोटाने बटण घट्ट दाबून धरून तो तसाच बसून राहिला, जोर लावला तर उजेड वाढेल अशा आशेने.

आणि तेव्हा लांब फाटकाशी मिशीकाका कंटाळले. त्यांना इथलं काहीच ऐकू येत नव्हतं. इतका वेळ उन्हात उभे, वर करायचा हात खालीच, चहा दुसऱ्यांनी संपवलेला. त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडले, "शेठ, बटण दाबा की."

देवाशपथ, मी त्यांना सांगितलं नव्हतं. असं शिकवून येत नाही.

ड्रायव्हरांतला एक जण फिस्सकन हसला. मग दुसरा. साहेब हसले नाहीत. ते गाडीतल्या त्या बोटाकडे बघत होते, बटणावर पांढरं पडलेलं बोट, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर ती गोष्ट हळूहळू चढताना बघितली: फाटक, ऊन, मालगाडी. त्यांनी वळून आत्याकडे बघितलं. पहिल्यांदाच असं झालं की शेवटी बोलायला कुणी उरलं नव्हतं आणि त्यांना स्वतःच ठरवायचं होतं.

आत्या पुढे झाली. गाडीच्या दाराशी, काजव्याच्या अगदी जवळ. मला वाटलं आता ती त्याला चांगलं सुनावेल. मी असते तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो ठेवतो तसाच.

"गडबडलात," ती म्हणाली. "होतं असं."

मग ती शेडमधे गेली, पाइप उचलून आणला आणि टपावरच्या दिव्यावर पाणी सोडलं. दिवा कसा उजळत गेला ते सगळ्यांनी बघितलं. बाईंनी मीटरला डोळा लावला होता आणि त्या काहीतरी पुटपुटत होत्या, मला वाटतं शिवी होती. पाणी टपावरून ओघळून काजव्याच्या मांडीवर पडत होतं. आत्याला ते दिसत होतं. तिने पाइप हलवला नाही.

साहेब त्या निळ्या पेटीपाशी गेले आणि बुटाने झाकण उघडून बघितलं. वितळलेल्या पिशव्या बघून त्यांचा चेहरा असा झाला की काजव्याने बटणावरचं बोट काढलं.

पुढचं भराभर झालं. बाईंनी गाड्यांवरचे सगळे दिवे तापवून मोजले. एकही कसोटीला उतरला नाही. म्हणजे उजेड उतरला सगळ्यांचाच, पास एकही झाला नाही. आतली उष्णता बाहेर काढणाऱ्या जाड पत्र्याच्या जागी त्याने डब्याच्या झाकणासारखा पातळ पत्रा घातला होता. गाड्यांवरून दिवे काढले, आणि काजव्याने ते परत न्यायचे असं ठरलं, स्वतः येऊन. तो आला तेव्हा मी शेडमधे पायरीवर बसून गृहपाठ करत होते. एकेक दिवा तो हातात घेऊन त्याच्या गाडीत ठेवत होता आणि प्रत्येक वेळी त्याला माझ्यासमोरून जावं लागत होतं. मी प्रत्येक वेळी "नमस्कार सर" म्हटलं. मला विचाराल तर दया आली का, तर नाही आली. येईल म्हणून मी थांबून बघितलंसुद्धा. आली नाही.

शाळेच्या अंकात मुलाखत छापून आली. फोटोत काजवा हसतोय, मागे गाडी, टपावर दिवा, चालू असलेला. फोटोत त्याचा उजेड कुणालाही दिसत नाही. खाली त्याचंच वाक्य: 'दिवसभर चालेल.' अंकाची एक प्रत मी त्याच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवली. आई म्हणाली, पुरे आता. आत्या म्हणाली, तिकीट नीट चिकटवलंस ना?

मिशीकाका आत्याची माफी मागायला आले, म्हणजे ते चहा घेऊन आले आणि कपाकडे बघत उभे राहिले. ती म्हणाली, "काका, गाडी मागे घेताना आता माझी मदत लागली तर सांगा." इतकंच. पण चार ड्रायव्हरांच्या समोर.

साहेबांनी किल्ली दिली त्या दिवशी मी शाळा बुडवली. नवीन दिवा टपावर बसवलेला होता, तापवून मोजलेला. आत्या आत बसली, आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, कारण मधल्या काळात कुणीतरी लांब पायांचा माणूस ती चालवत होता. फोन वाजला, कुठेतरी कुणीतरी पडलं होतं. नवीन नर्सभाऊ मागे चढला. आत्याने एक बटण दाबलं, सायरन. शेजारचं दुसरं दाबलं.

मला वाटलं, ती आता डोकं बाहेर काढून टपाकडे बघेल, जशी घरी प्रत्येक दिव्याकडे बघत होती.

तिने बघितलं नाही. गिअर टाकला आणि गेली.

फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी मात्र बघत राहिले. लख्ख दिसत होता.